भरून ठेवलेल्या चार बॅटऱ्या

आमच्या कारागीर सहकारी संस्थेत मी एकोणीस वर्षं भांडारपाल आहे. केज तालुक्यातले आणि आसपासचे सुतार, फिटर, पत्रे मारणारे, बोअरची मोटर वर काढणारे असे लोक संस्थेचे सभासद आहेत. मशीन संस्थेचं, हात सभासदाचा. काम निघालं की सभासद सही करून मशीन नेतो आणि काम संपलं की सही करून परत आणतो. बॅटरीचं जगणं-मरणं माझ्याकडे.

कॉर्डलेस मशीनची बॅटरी जास्त दिवस कशी टिकवायची, हे आता मला बरंच कळतं. सभासद नसलेले लोकही पिशवीतून बॅटऱ्या घेऊन येतात आणि विचारतात. ते सगळं मी इथं सांगणार आहे. पण माझ्या हातून चार चांगल्या बॅटऱ्या मेल्या आणि त्याचा आळ मी नऊ वर्षं दुसऱ्या माणसावर राहू दिला. ते लपवून नुसता सल्ला दिला, तर सल्ला बरोबर असेल, पण मला तो देण्याचा अधिकार नसेल.

ज्यांनी हे मशीन हातात धरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं. बिनवायरचं ड्रिल किंवा स्क्रू मारायचं मशीन पिस्तुलासारखं असतं. मुठीच्या खाली विटेच्या तुकड्याएवढी बॅटरी बसते. आमच्या भागात माळावर विजेचा खांब नसतो, आणि जिथं असतो तिथं लाईट नसते, म्हणून ही मशीनं आली तेव्हा लोकांना फार अप्रूप वाटलं. बॅटरी उघडली तर आत टॉर्चच्या सेलसारख्या पाच किंवा दहा नळ्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात. त्यातली एक नळी दमली की बाकीच्या चांगल्या असूनही सगळा डबा बसतो. समितीत काम केलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

पहिली मशीनं आली ती जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांची. त्यांचा नियम असा होता की अधूनमधून पार तळ काढायचा आणि मग काठोकाठ भरायची. अर्ध्यातच भरत राहिलं तर ती अर्ध्यावरच थांबायला शिकते, असं आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ते मनापासून पाळलं. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. दिसायला तशाच, वजनाला हलक्या. त्यांचे नियम जवळजवळ उलटे होते. ते कुणी सांगितलं नाही. पेटीत एक कागद होता, त्यावर बारा भाषा होत्या, मराठी नव्हती.

या कामात माणसं पुष्कळ बघायला मिळाली. धारूरच्या डोंगराकडून मेंढरं राखणारा एक म्हातारा यायचा. लोकर कातरायचं बॅटरीवरचं मशीन त्याच्या जावयानं त्याला घेऊन दिलं होतं. बॅटरी लवकर उतरते म्हणून त्यानं दाखवायला आणली. तिची टोकं हिरवीगार झाली होती. उन्हात ती तापू नये म्हणून हा रोज तिला ओलं फडकं गुंडाळत होता. मी म्हटलं, असं चालत नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "पाण्याच्या बाटलीला वलं फडकं गुंडाळलं की पाणी थंड ऱ्हातंय. मंग हिला कावून चालत न्हाई?" मला त्याचा राग आला नाही. बॅटरीला गारवा पाहिजे, हे तालुक्यात सगळ्यात आधी ओळखलेला माणूस तो. चुकलं ते फक्त पाणी.

दुसरं म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पूर्वी करवत, रंधा, पाना पूजेला मांडत. आता ड्रिलही मांडतात. दसऱ्यानंतरचा आठवडाभर माझ्याकडे रांग असते, कारण कुंकू बॅटरीच्या पितळी पत्त्यांत गेलेलं असतं आणि चार्जर तिला ओळखत नाही. कोरड्या ब्रशनं आणि सुती कापडानं पत्त्या साफ केल्या की बॅटरी चालू होते. लोक म्हणतात, देवीनं ऐकलं. मी फक्त एवढंच सांगतो की गंध प्लास्टिकला लावा, पितळेला नको. आमच्या संस्थेत एक फिटर होता, तो दिवसात तीनदा बॅटरी बदलायला यायचा आणि म्हणायचा, "मेली बे ही बी." मी त्याच्या मशीनचं भोक पाडायचं पातं काढून बघितलं तर ते बोथट. बोथट पात्यानं लोखंडाला भोक पाडायला दुप्पट जोर लागतो आणि तो सगळा जोर बॅटरीतून येतो. बॅटरीच्या निम्म्या तक्रारी पातं बदलून मिटतात. पण पातं बदललं की आपली चूक होती असं होतं, म्हणून लोक बॅटरीच बदलून मागतात. हे मी हसत लिहीत नाही. मी त्यांच्याहून वेगळा नाही.

आता मुख्य गोष्ट.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस नव्हता. नळाला पंधरा दिवसांतून एकदा पाणी येई, तेही आलं तर. पाणी आलं की घरातलं सगळं भरून घ्यायचं. टाकी, बॅरल, घागरी, पातेली, मग तांबे, मग पेले. माझ्या बायकोनं एकदा वरणाच्या वाट्यासुद्धा भरून ठेवल्या होत्या आणि त्या दिवशी आम्ही ताटातच वरण घेतलं. घरात भांडं रिकामं दिसलं की जेवता जेवता उठून ते भरायचो. ज्यांनी असे उन्हाळे काढले नाहीत त्यांना ही सवय विचित्र वाटेल. आम्हाला तीच शहाणपणाची वाटत होती.

लाईटचंही तसंच. दिवसातून थोडा वेळ यायची, तीही सांगून नाही. लाईट आली की मी हातातलं काम टाकून बॅटऱ्या चार्जरला लावत असे. सोळा बॅटऱ्या होत्या. सगळ्या काठोकाठ भरायच्या, चारही हिरव्या बत्त्या लागल्याशिवाय काढायच्या नाहीत. दोन दिवसांनी एक बत्ती कमी दिसली की परत लावायच्या. समितीच्या लोकांना मी अभिमानानं सांगायचो की माझ्या भांडारात एकही बॅटरी रिकामी सापडणार नाही. ज्या रोज लागत त्या खाली गल्ल्याजवळ ठेवायचो. ज्या पुढे लागणार असत त्या माळ्यावर. भांडाराला वर पत्रे होते आणि माळा पत्र्यापासून हातभर खाली. चोरीची भीती नाही, उंदीर नाही, धूळ कमी. जागा मला उत्तम वाटली होती.

त्या वर्षी जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या आणि त्यांचे मांडव उभे करायचं काम आमच्या संस्थेला मिळालं. केजपासून थेट आष्टीच्या बाजूपर्यंत. आधी फिटर लोक पाइपचे सांगाडे उभे करायचे आणि शेवटी पत्रे मारायला नामदेव जायचा.

नामदेव धारूरच्या घाटाखालच्या वस्तीवरचा. पत्रा मारण्यात त्याच्याइतका सरळ हात मी पाहिला नाही. त्याची बायको गयाबाई त्याच्याबरोबर कामाला असे. ती खालून पत्रा द्यायची, स्क्रू द्यायची. पत्र्याच्या कामात माणूस वर चढलेला असतो, चार्जर जवळ नसतो, म्हणून त्याच्या मशीनला एकट्याला चार बॅटऱ्या दिल्या होत्या, अकरा ते चौदा नंबरच्या. त्याची पाळी शेवटी येत असल्यामुळे या चार बॅटऱ्या आधीचा उन्हाळा आणि या उन्हाळ्याचे दोन महिने माळ्यावर होत्या. भरलेल्या. मी त्यांना एकदाही कमी होऊ दिलं नव्हतं.

वैशाखात नामदेवनं त्या नेल्या आणि आठ दिवसांनी चारही परत आणल्या. दहा-बारा स्क्रू मारले की लाल बत्ती. दोन बॅटऱ्यांची पोटं फुगली होती. छावणीचा अर्धा मांडव उघडा राहिला, जनावरं उन्हात उभी राहिली, गावच्या पुढाऱ्याचा फोन आमच्या चेअरमनला गेला, आणि दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली.

चेअरमन मोठे बागायतदार होते. खिळा आणि स्क्रू यांतला फरक त्यांना सांगावा लागे, पण बैठक चालवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझं रजिस्टर मागवलं. रजिस्टरात बॅटरीचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणताना स्थिती असे रकाने होते. नेताना स्थिती, असा रकाना नव्हता. तो मीच आखताना ठेवला नव्हता. माझ्या भांडारातून वस्तू चांगलीच जाणार, हे मी धरून चाललो होतो.

नामदेवला विचारलं तेव्हा तो म्हणाला की त्यानं एकदाही तळ काढला नव्हता, मशीनचा आवाज जड झाला की थांबत होता, आणि काम नसताना गयाबाई बॅटऱ्या लिंबाच्या सावलीत ठेवत होती. मग माझ्याकडे वळून त्यानं हे सांगितलं:

"भाऊ, मपल्या हातात आल्या तवाच ह्या ऊन लागल्यावानी व्हत्या. तुमच्या त्या माळ्यावर माणूस घटकाभर बसंना, आन् तुमी बॅटऱ्या बसवल्यात."

कुणीतरी हसलं. चेअरमननी मला विचारलं, "भांडारपाल, तुमचं काय?"

मी म्हणालो, "माझ्याकडून पूर्ण भरूनच गेल्या होत्या, साहेब."

या वाक्यात खोटं काही नव्हतं. नऊ वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण बैठक संपल्यावर मी शिडी लावून वर गेलो आणि माळ्याच्या फळीवर हात ठेवला. मनात पाच म्हणायच्या आत तो उचलावा लागला. म्हणजे त्या दुपारी, लिथियमचं काहीही माहीत नसताना, मला जेवढं कळायला पाहिजे होतं तेवढं कळलं होतं. तेव्हा समितीचे लोक बाहेर चहा पीत होते. मी खाली उतरलो आणि मीही चहा घेतला.

नामदेवचं मशीन काढून दुसऱ्याला दिलं. त्याचं सभासदत्व राहिलं, मशीन गेलं. मशीन जाण्यापेक्षा वाईट झालं ते पुढे. 'नामदेव बॅटऱ्या मारतो' असं लोक बोलू लागले. खाजगी कामावर ज्यांच्याकडे स्वतःचं मशीन होतं तेही त्याच्या हातात देईनात. पाऊस तिसऱ्यांदा चुकला. दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक आला, त्यात नामदेव आणि गयाबाई ऊसतोडीला गेले. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात. त्या वस्तीवरून दरवर्षी कोयते जात होते, पण नामदेवच्या घरातून तोवर कुणी गेलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी आणि त्यानं कायम छपरंच घातली होती.

चार बॅटऱ्या गेल्या म्हणून संस्थेनं मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला औरंगाबादला पाठवलं. शिकवणारी मुलगी इंजिनिअर होती, माझ्या पुतणीच्या वयाची. तिनं सगळ्यांना विचारलं की तुम्ही बॅटऱ्या कशा ठेवता. मी हात वर केला आणि सांगितलं, "माळ्यावर, पूर्ण भरून."

"वर काय आहे?"

"पत्रा."

"किती दिवस ठेवता?"

"दोन उन्हाळे ठेवल्या."

फळ्यावर तिनं दोन भाग केले आणि माझं उत्तर 'असे करू नये' याखाली जसंच्या तसं लिहिलं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.

तिनं सांगितलं ते मी इथं सांगतो, कारण हे कळायला मला फार लांबून जावं लागलं. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि टोक. टोक म्हणजे पार भरलेली किंवा पार रिकामी. काम करायचं असेल त्या दिवशी पूर्ण भरा, हरकत नाही. पण आठ-पंधरा दिवस पडून राहणार असेल तर निम्मी भरून ठेवा, चारपैकी दोन बत्त्या. भरलेली बॅटरी आतून ताणलेली असते आणि वरून ऊन लागलं की तिचं आयुष्य कामाला न लागताच जातं. लाल बत्ती लागायची वाट बघू नका. मशीनचा आवाज जड झाला की बदला. कामावरून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. चार्जरही उन्हात ठेवू नका. मोटारसायकलच्या डिकीत, जीपच्या काचेपुढे बॅटरी कधीच नको. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा आणि निम्म्याच्या खाली गेली असेल तर निम्म्यापर्यंत आणा. चार बॅटऱ्या असतील तर चारही फिरवून वापरा. जमिनीवर आपटू नका, पाण्यात बुडवू नका, आणि फुगलेली बॅटरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका.

म्हणजे नामदेव आणि गयाबाई जे करत होते ते फळ्याच्या 'असे करावे' या भागात होतं.

परत आल्यावर मी माळा रिकामा केला. बॅटऱ्या खाली आणल्या आणि मातीच्या रांजणाजवळ भिंतीत कोनाडा होता त्यात ठेवल्या. जागा गार, पण कोरडी. निम्म्या भरून ठेवायला माझा हात तयार नव्हता. दुष्काळात लाईट असताना चार्जरवरून अर्धी बॅटरी काढणं म्हणजे नळ चालू असताना घागर अर्धी उचलण्यासारखं वाटायचं. पहिले काही दिवस मी डोळे दुसरीकडे करून काढत होतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्या संस्थेचं पाणी येगळं दिसतंय."

त्यानंतर तीन वर्षं एकही बॅटरी गेली नाही. वार्षिक सभेत माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. चेअरमन म्हणाले की आमच्या भांडारपालानं नवी पद्धत शोधली. नामदेव ऊसतोडीहून येऊन मागच्या रांगेत बसला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही वाजवल्या. शाल मी घरी नेली आणि पेटीत ठेवली. ती अजून पेटीत आहे, थंडीतही मी ती घेतलेली नाही.

त्या वर्षांत नामदेवनं मशीन परत मिळावं म्हणून दोनदा अर्ज केला. अर्जावर 'भांडारपालाचा अभिप्राय' असा चौकोन असतो. दोन्ही वेळा मी लिहिलं: 'मागील नोंद पाहता निर्णय संस्थेने घ्यावा.' संस्थेनं मागील नोंद पाहिली. मी दुष्टपणानं लिहिलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. मी व्याकरणशुद्ध लिहिलं.

या वर्षी पुन्हा पाऊस रुसला. छावण्यांची बोलणी सुरू झाली आणि नामदेवचा तिसरा अर्ज आला. त्याच आठवड्यात मुकादम त्याच्या वस्तीवर फिरून कोयत्यांची यादी करतोय असं कळलं. वार्षिक सभा पंधरा दिवसांवर होती. सभेत मशीन मिळालं तर दोघं घरी राहतील, नाही तर दसऱ्यानंतर ट्रक. नामदेवनं आता पन्नाशी ओलांडली आहे, गयाबाई त्याच्या मागोमाग. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं ते वय नाही. चौकोन माझ्यासमोर दोन दिवस कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी मी जीपनं त्याच्या वस्तीवर गेलो.

नामदेव दारात चऱ्हाट वळत बसला होता. गयाबाईनं पाणी दिलं आणि आत बाजरी निवडायला बसली. मी त्याला सगळं सांगितलं, माळा, फळी, औरंगाबादचा फळा, दोन अर्ज. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत सुरू झालं नसतं. त्यानं चऱ्हाटाचा पीळ सोडला नाही.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो की. पयल्याच दिवशी बोललो. तुमी लिवून घेतलं न्हाई."

मी म्हणालो, "माझं चुकलं, नामदेव."

तो म्हणाला, "आता हे मला सांगून काय उपेग? मला तर म्हाईतच हाय. ज्यांला न्हाई म्हाईत त्यांला सांगा."

आतून बाजरी निवडण्याचा आवाज थांबला होता. मी निघालो तेव्हा तो परत सुरू झाला.

वार्षिक सभेत शेवटी 'ऐन वेळचे विषय' असतात. तोवर निम्मे लोक जेवणाकडे बघत असतात. मी उभा राहिलो आणि सांगितलं की नऊ वर्षांपूर्वीच्या चार बॅटऱ्या नामदेवनं मारल्या नाहीत, मी मारल्या. त्यानं तेव्हाच कारण सांगितलं होतं, मी ते दाबलं. आणि ज्या पद्धतीसाठी माझा सत्कार झाला, तिचं मूळ त्याच्याच सांगण्यात होतं.

मग चेअरमन म्हणाले, "त्या सभेचं इतिवृत्त कायम झालंय. कायम झालेलं बदलता येत न्हाई."

मी म्हणालो, "बदलू नका. नवीन लिहा."

सचिवांनी विचारलं की विषय कोणत्या सदरात घालू. कुणी म्हणालं तक्रार, पण तक्रारदार कोण ते ठरेना. कुणी म्हणालं आभार. मी माझा राजीनामा दिला, तर समितीच्या लक्षात आलं की बॅटऱ्यांचं कळणारा दुसरा माणूस नाही, म्हणून तो विचाराधीन ठेवला. शाल परत करतो म्हणालो, तर शाल परत घेण्याची तरतूद उपविधीत नव्हती. मला शिक्षा पाहिजे होती आणि तिथं कुणाकडे ती नव्हती.

मागच्या रांगेतून नामदेव उठला. "साहेब, ह्यांला काय करायचं ते तुमचं तुमी बगा. मपलं नाव लिवा. बॅटऱ्या नामदेवनं मारल्या न्हाईत, एवढं लिवा आन् त्याची नक्कल द्या मला. शिक्का मारून."

ठराव झाला. मशीनही द्यायचं ठरलं. नक्कल मीच माझ्या अक्षरात काढली, सचिवांनी सही केली, शिक्का मारला. नामदेवनं कागद हातात घेतला, शिक्का बघितला आणि माझ्याकडे परत दिला. त्याला एवढं बारीक वाचता येत नाही. "चला," तो म्हणाला, "जीपमदी वाचा."

केजहून धारूरला जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पुढे चार, मध्ये पाच, मागे सात माणसं बसतात. त्यातली निम्मी नामदेवच्या ओळखीची होती. जीप सुटायच्या आधी मी ठराव वाचला. 'भांडारपाल यांनी सभेपुढे कबूल केले की' इथं आवाज खाली गेला, तर मागून एकजण म्हणाला, "ऐकू यीना." मी परत वाचला. पुढच्या फाट्यावर चार माणसं उतरली, चार चढली. नामदेव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वाचा." मी वाचला. त्यापुढच्या थांब्यावर एक पत्रे मारणारा चढला, ज्यानं कधीकाळी नामदेवला मशीन द्यायला नकार दिला होता. या वेळी नामदेवनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी वाचला. तो माणूस म्हणाला, "हां, मंग," आणि पुढे घाटापर्यंत पायाच्या बोटांकडे बघत बसला. वस्तीवर पोचेपर्यंत ठराव मला पाठ झाला होता. मी कागद न बघता म्हणू शकलो असतो, पण कागद बघून म्हणायचा, असं नामदेवनं सांगितलं.

घरी गयाबाई होती. नामदेव म्हणाला, "हिला वाचून दाखवा. मी जरा हातपाय धुतो." मी ओसरीवर बसून पुन्हा वाचला, सुरुवातीपासून शिक्क्यापर्यंत. ती समोर उभी राहून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "संपलं?"

मी म्हणालो, संपलं.

"ह्यात माझं नाव हाय का?"

मला माहीत होतं, तरी मी कागद पुन्हा बघितला.

"नाही," मी म्हणालो.

"बॅटऱ्या सावलीत मी ठिवल्यात्या," ती म्हणाली. "आन् ऊस तोडाया दोघं गेलतो."

ती आत गेली. नामदेव धोतराला हात पुसत आला आणि चहा ठेवायला सांगू का म्हणाला. मी नको म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले की वार्षिक सभेच्या ठरावात दुरुस्ती पुढच्या वार्षिक सभेतच करता येते. तिला अजून अकरा महिने आहेत. हा दिवाळी अंक त्याच्या आधी निघतो म्हणून इथं लिहितो आहे: त्या आठ दिवसांत संस्थेच्या चारही बॅटऱ्या गयाबाईनं लिंबाच्या सावलीत ठेवल्या होत्या. अंक आला की घेऊन जाईन आणि तिला वाचून दाखवीन.